पंख्यावरची मिशी

रेगे मास्तर आमच्या ओटीवर टेकले, पाण्याचा तांब्या उचलला आणि घोटही न घेता परत खाली ठेवला. तेव्हाच मी ओळखलं, यंदाचा विडा साधा नाही.

दर अक्षय्यतृतीयेला देवळातून आमच्या घरी विडा यायचा. तबकात नारळ, पानसुपारी आणि मांजरपाटाचा एक कोरा तुकडा. तुकडा पंख्यासाठी. बाबांनी तबक कपाळाला लावायचं, आणि त्या दिवसापासून नृसिंह जयंतीपर्यंत आमच्या चुलीवर मासळी चढायची नाही. खाडीकाठच्या घरात ही गोष्ट सोपी नाही. पण चितारी म्हणून गावात आमचा जो काही मान होता तो या तबकाएवढाच होता, आणि तो आम्ही तीन पिढ्या सांभाळला होता.

आमच्या गावचा देव नृसिंह. बाकी गावांत देव जन्मला की कीर्तन संपतं, सुंठवडा वाटतात, लोक घरी जातात. आमच्याकडे खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. खांब फुटला, देव प्रकटला, दिवस-रात्रीच्या सांध्यावर, घराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं दैत्याला मांडीवर घेतलं, सगळं झालं. पण राग उतरेना. अशा तापलेल्या देवाला तसंच सोडून घरी कसं जायचं? म्हणून त्याला वारा घालायचा. तोही ताडाच्या झापानं किंवा वाळ्याच्या पंख्यानं नाही. रागावलेल्या माणसावर एकदम वारा सोडला तर तो अधिकच भडकतो. म्हणून घडीचा पंखा, एकेक घडी हळूहळू उलगडायचा. बांबूच्या काड्या, त्यांवर चिंचोक्याच्या खळीत भिजवून घोटलेलं कापड, आणि कापडावर प्रल्हादाचं आख्यान. हत्तीच्या पायाखालचा प्रल्हाद, कड्यावरून लोटलेला प्रल्हाद, मध्यावर खांबासमोर गदा उगारलेला हिरण्यकशिपू, आणि शेवटच्या घडीत देवाच्या मांडीवर बसलेलं पोर.

या पंख्याचे नियम दोनच. चेहरा कधी मोडावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर घडी घातली की माणूस दुभंगतो. आणि दुसरा, पहिली नजर देवाची. पंखा रंगवणाऱ्या घराबाहेर कुणी तो देवाच्या आधी उघडा पाहायचा नाही. देव निवाला की मग पंखा सगळ्या सभामंडपात फिरायचा, ज्याच्या त्याच्या कपाळाला लागायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या तळीत त्याचं विसर्जन. माझ्या आजोबांनी, बाबांनी आणि मी रंगवलेल्या पंख्यांपैकी आज जगात एकही उरलेला नाही. शहरातले लोक हे ऐकून हळहळतात. मला कधी हळहळ वाटली नाही. कीर्तन तरी कुठे उरतं?

तर रेगे मास्तर. ते देवस्थान कमिटीचे चिटणीस, शाळेत आम्हालाच शिकवलेले, मनानं गरीब. त्यांनी आढेवेढे घेत सांगितलं की यंदा विड्याबरोबर कमिटीच्या दोन अटी आहेत. पंखा तयार झाला की आधी तात्यासाहेबांच्या घरी नेऊन दाखवायचा. आणि हिरण्यकशिपूचा चेहरा बदलायचा. म्हणजे अगदी सगळा नाही, मास्तर म्हणाले. मिशी बदलली तरी चालेल.

बाबा खाली मान घालून बसले. मला हसू येत होतं आणि ते दाबता दाबता संताप यायला लागला.

आदल्या वर्षीची गोष्ट अशी. तोवर आमच्या देवळात समया आणि दोन गॅसबत्त्या असत. त्या वर्षी तात्यासाहेब खोतांनी सभामंडपात ट्यूबलाइट लावून घेतल्या. खोती कधीच गेली होती, पण बळवंतराव तात्यासाहेब गावचे खोतच राहिले होते; देवस्थानचे अध्यक्ष तेच आणि पंचायत समितीचे सभापतीही तेच. त्या लख्ख उजेडात पंखा फिरत फिरत लक्षू न्हाव्याकडे गेला. लक्षूनं तो कपाळाला लावला, मग डोळ्यांजवळ नेला, आणि एखाद्यानं आपलं हरवलेलं कोकरू ओळखावं तशा कौतुकानं म्हणाला, "ही मिशी माझ्या हातची आहे."

सगळ्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं. गालावरून वर वळून कानाच्या पाळीकडे झेपावणारी, टोकाला पीळ दिलेली हिरण्यकशिपूची मिशी. मग सगळ्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. पुढे हसू आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. कीर्तनकारबुवांनीसुद्धा उपरणं तोंडाशी धरलं. तात्यासाहेब आरती न घेताच निघून गेले, आणि त्या दिवसापासून बाजारात, होडीत, पाणवठ्यावर त्यांच्या पाठीमागे एकच शब्द फिरायला लागला, तो इथे सांगायची गरज नाही.

ओटीवर बाबा हात जोडून म्हणाले, म्हाताऱ्याचा हात आहे मास्तर, चूक झाली असेल.

मी म्हटलं, "चूक झालेली नाही."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मुद्दाम काढलीस होय गो?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण खरं सांगणं बाबांना चूक कबूल करण्यापेक्षा अवघड वाटत होतं, आणि मला ते सांगायची मुळात इच्छाच नव्हती. मी तबक उचललं आणि मास्तरांच्या पुढ्यात सरकवलं.

"विडा परत न्या, मास्तर. अटीचा विडा आमच्या घरी येत नाही."

मास्तर गेले. नंतर बाबा मला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. गावात आजवर कुणी देवाचा विडा परत पाठवला नव्हता. सासरहून परत आलीस तेव्हा मी एका शब्दानं विचारलं नाही, त्याचे हे पांग फेडलेस का, असंही म्हणाले. ते मात्र लागलं. दोन दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून पेज प्यायली.

मी माझ्या लुगड्याच्या पेटीतून मांजरपाट काढला. धुतला, खळ दिली, सावलीत वाळवला, गुळगुळीत गोट्यानं घोटला. देवळाचं कापड नसलं म्हणून काय झालं? कापड मागतो तो देव नाही.

बाबांच्या हाताला चार-पाच वर्षांपासून कंप होता. तेव्हापासून पंखा मीच रंगवत होते. हे गावाला ठाऊक होतं, पण ठाऊक असल्याचं कुणी दाखवत नव्हतं. देवाचा पंखा बाईच्या हातचा म्हटलं असतं तर दहा जणांनी दहा शास्त्रं काढली असती; आणि गुणाजी चितारीचा पंखा म्हटलं की सगळं सोवळ्यात राहत होतं.

त्याच आठवड्यात तात्यासाहेबांनी मला देवळात बोलावून घेतलं. ते मंडप घालणाऱ्या गड्यांवर देखरेख करत खांबाला टेकून उभे होते. उंच, गोरे, पांढरं स्वच्छ धोतर. माणूस वाईट नव्हता. पुराच्या वर्षी त्यांनी आपली भाताची कणगी उघडून दिली होती, आम्हीही त्यातलं खाल्लं होतं. पण दिलेलं ते विसरत नसत, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत.

त्यांनी आधी बाबांची प्रकृती विचारली. मग म्हणाले, "रंगवणारा हात कुणाचा हे मला कळत नाही असं वाटतं का तुला, भागीरथी? कळूनही गप्प राहिलो. बाईमाणूस आहे, करते आहे सेवा, करू दे म्हटलं. त्याची ही परतफेड?"

मी म्हटलं, देवाच्या आधी पंखा कुणी पाहत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

"मी देवस्थानचा अध्यक्ष आहे."

"देवस्थानचे आहात. देवाचे नाही."

मागे बांबू बांधणारे गडी थांबले. तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तशी सुंभ वळायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"नवऱ्याचं ऐकलं नाहीस," ते हळू आवाजात म्हणाले. "बापाचं ऐकत नाहीस. आता माझंही ऐकू नकोस. पण एवढं सांग, यंदाच्या पंख्यावर मी आहे की नाही?"

त्यांच्या आवाजात हुकूम होता, पण हुकमाच्या खाली दुसरंही काही होतं. त्या मोठ्या माणसाला भीती वाटत होती, सगळ्या गावासमोर पुन्हा हसं होण्याची. माझं मन क्षणभर मऊ झालं. एक वाक्य बोलले असते तर त्यांचाही जीव भांड्यात पडला असता, किंवा कायमचा बाहेर पडला असता. मी म्हटलं, "पंखा उघडला की दिसेल. देवाला आधी, मग तुम्हाला."

"मग तो उघडणारच नाही. बेळगावला मोठ्या दुकानात जपानी पंखे मिळतात. माणूस पाठवला आहे."

"आणा," मी म्हटलं. "पण तो दुकानदारानं पाहिलेला असेल, नोकरानं पाहिलेला असेल आणि तुम्हीही पाहिलेला असेल. देवाचा नंबर शेवटी लागेल."

घरी येताना मी वाटेवरच्या पारावर थोडी टेकले. ते कुणाला दिसलं नाही म्हणून बरं.

त्यानंतर मी सकाळी उजाडल्यापासून उन्हं वर येईपर्यंत पंख्याला बसत होते. हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा तांबडा, निळीचा निळा, शिंपल्या जाळून केलेला पांढरा. नारळाच्या करवंट्यांत रंग खलून ठेवायचे, आणि खारीच्या केसांचा कुंचला ओठांत ओला करून एकेक रेषा ओढायची. रंगवताना मी नेहमी आख्यान गुणगुणते. हत्तीच्या पायाखाली पोर निजलं आहे आणि त्याच्या ओठांवर हसू आहे, ते हसू काढताना माझा श्वास आपोआप थांबतो. त्या वर्षी ते हसू इतकं सुरेख उतरलं की मी कुंचला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. पोराला बाप जाळतो आहे, बुडवतो आहे, आणि पोर म्हणतं, तू माझा बाप आहेस, तुला नमस्कार. पण नाव घ्यायचं ते मी देवाचंच घेणार. यात राग नाही की उर्मटपणा नाही. लहानपणापासून ही गोष्ट कीर्तनात ऐकत आले, आणि दर वेळी मला वाटायचं की असा ठाम नकार देताना पोराचा आवाज जराही चढला नसेल.

जयंतीच्या आदल्या सकाळी मी विहिरीवरून परतले तर बाबा पंख्यासमोर बसलेले. हातात ओलं फडकं. फडकं हिरण्यकशिपूच्या चेहऱ्यावर, बोटभर वर, आणि हात थरथरतो आहे.

मी घागर खाली ठेवली. त्यांना अडवलं नाही.

"पुसायचं असेल तर पुसा, बाबा," मी म्हटलं. "पण मग प्रल्हादही पुसा. दैत्याचा चेहराच भिऊन बदलला, तर त्याच्यापुढे पोर तरी कशाला उभं राहील?"

 त्यांनी फडकं करवंटीत टाकलं. म्हणाले, खरं काय आहे ते जाऊन सांगून टाकतो तात्यासाहेबांना, मग तरी मिटेल.

"आज मिशीचं सांगितलं तर उद्या प्रल्हादाच्या धोतराचं सांगावं लागेल. परवा देवाच्या नखांचं."

"आणि मान गेला तर?"

"मान पंखा रंगवायचा आहे. तो आपण रंगवतो आहोत."

 दुपारी मी काड्यांना लाखेचा शेवटचा हात देत होते तेव्हा बाबांनी न सांगता चुलीतले निखारे आणून माझ्या हाताशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी देवळात दाटी झाली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मी खांबाजवळ बसले, पंखा मिटून पदराखाली, पोटाशी धरलेला. बाबा पुरुषांत मागे भिंतीला टेकून बसले होते. तात्यासाहेब गाभाऱ्याच्या दाराशी, सोवळं नेसून. देवाला वारा घालायचा मान खोतांचा, चित्राची बाजू देवाकडे धरून. त्यांच्या हातात बेळगावचा पंखा होता. चकचकीत कागदाचा, त्यावर छापील मोर.

दामोदरबुवा वेरळकर उभे राहिले. माझं आयुष्यात कशावर प्रेम असेल तर ते अशा माणसाच्या उभं राहण्यावर. साठी उलटलेला, गुडघे दुखणारा, एसटीतून धक्के खात आलेला. पण कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला, पेटीनं सूर धरला आणि चिपळ्या वाजल्या की त्याचं वय कुठल्या कुठे जातं. बुवांनी पूर्वरंगात क्रोधावर निरूपण केलं. उत्तररंगात प्रल्हाद. बाप विचारतो, कुठे आहे तुझा देव? इथे आहे का? या खांबात आहे का? बुवांनी स्वतःच दैत्य होऊन खांबावर हात मारला आणि बायकांच्या अंगावर शहारा आला. बाहेर सूर्य खाडीत टेकत होता. गुलाल उधळला, घंटा वाजल्या, देव जन्मला.

आणि बुवांनी ती ओळ धरली. आमच्या गावापुरती ती चाल आहे. "निव रे देवा, निव आता."

तात्यासाहेबांनी गाभाऱ्यात जाऊन मोरांचा पंखा उघडला आणि वारा घालायला सुरुवात केली.

रीत अशी की बुवा ही ओळ पाच-सात वेळा आळवतात, देवाच्या मुखाकडे पाहतात, आणि म्हणतात, "निवाला." मग पंखा फिरायला लागतो. त्या दिवशी बुवांनी पाच वेळा म्हटलं, सात वेळा म्हटलं. त्यांची नजर त्या छापील मोरांवर गेली. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं, कुणी सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. पण दर साली तो पंखा उघडताना पाहिलेला माणूस तो. त्यांनी डोळे मिटले आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. विलंबित. मग मध्य लयीत. मग पुन्हा विलंबित.

तात्यासाहेबांचा हात भरून आला. त्यांनी हात बदलला. गाभाऱ्यात उकाडा, सोवळं घामानं भिजलेलं. त्यांनी बुवांकडे सूचक पाहिलं.

बुवा म्हणाले, "मंडळी, देव अजून तापलेलाच आहे," आणि गात राहिले.

तेव्हा मी उठले. काही ठरवून उठले नाही. बायकांनी गुडघे बाजूला घेऊन वाट केली. तानीकाकू, गावातली सगळ्यांत म्हातारी, तिनं मला पुढे ढकलल्यासारखं केलं, असं मला नंतर वाटत राहिलं. मी सभामंडप ओलांडून गेले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभी राहिले. दोन्ही पाय लाकडावर.

गुरव घाईघाईनं पुढे आला. "बाई, गाभाऱ्यात नाही यायचं."

"गाभाऱ्यात नाही मी."

"मग बाहेर हो."

"बाहेरही नाही. देव जिथं बसला तिथं उभी आहे."

 बुवांचा आवाज क्षणभर हसल्यासारखा हलला आणि पुन्हा सुरात आला. चिपळ्या थांबल्या नाहीत. चिपळ्या चालू आहेत तोवर कीर्तन चालू आहे, आणि कीर्तन चालू असताना कुणी कुणाला हाताला धरून ओढत नाही, एवढी रीत आमच्या गावात खोतांनाही मोडता आली नसती.

अडचण वेगळीच झाली. उंबऱ्यावर मी, आत देवाशेजारी तात्यासाहेब. त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. मी पंखा उघडला असता तर त्यांचीही नजर देवाबरोबरच पडली असती.

"तात्यासाहेब," मी म्हटलं, "डोळे मिटा."

ते माझ्याकडे बघत राहिले.  मला वाटलं, आता हा माणूस माझ्या हातातून पंखा ओढून घेईल. मी तो ओढू दिला नसता. काड्या मोडल्या असत्या, बोटं मोडली असती, पण सोडला नसता. मागे सगळं गाव, पुढे देव, आणि बुवांची ती एकच ओळ, पुन्हा पुन्हा. देवाच्या आधी मी बघणार, असं त्या जागेवर उभं राहून म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. ते खोत होते, पण आमच्यासारखेच त्या देवाच्या तळीचं पाणी पिऊन वाढले होते.

त्यांनी डोळे मिटले. गुरवानंही मिटले. मोरांचा पंखा तात्यासाहेबांच्या हातात लोंबत राहिला.

मी घडी उलगडली. हत्ती, कडा, आग. खांब आणि दैत्य. देवाच्या मांडीवरचं पोर. वारा घातला, हळू, जसा तापातल्या माणसाला घालतात. देवापुढची समई किंचित लवली.

बुवा म्हणाले, "निवाला."

झांजा वाजल्या. मी उंबऱ्यावरून उतरले, आणि रीतीप्रमाणे पंखा आधी मानकऱ्याच्या हातात दिला. तात्यासाहेब उजेडात आले. त्यांनी प्रल्हादाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मधल्या घडीवर गेले.

तीच मिशी. गालावरून वर वळलेली, टोकाला पीळ दिलेली.

 त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा इतका दुखावलेला होता की मी नजर वळवली. आणि मागून, भिंतीजवळून, माझ्या बापाचा आवाज आला. आयुष्यात चारचौघांत कधी न उठलेला आवाज.

"तात्यासाहेब, हा खाका माझ्या बापाचा आहे." बाबा भिंतीला धरून उभे राहिले होते. "कागदाला सुईनं भोकं पाडून त्यानं दैत्य उतरवून ठेवला. दर साली त्यावर कोळशाची पूड झटकायची आणि ठिपके जोडायचे. माझ्या हातानं तोच काढला, पोरीच्या हातानं तोच. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून पंख्यावर हीच मिशी आहे. आम्ही तुमची मिशी दैत्याला लावली नाही." ते थांबले. मग त्यांनी ते म्हटलंच. "सभापती झालात त्या हिवाळ्यात तुम्ही त्याची ठेवलीत."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात तानीकाकू बायकांतून म्हणाली, खरं आहे ते, माझ्या लग्नाच्या सालीही असाच होता, मी नवी नवरी, बघून घाबरले होते. आणि लक्षू न्हावी अगदी पडलेल्या आवाजात पुटपुटला, म्हणजे ती माझ्या हातची नाहीच? तेव्हा मात्र सगळा मंडप हसला. पण ते हसू गेल्या वर्षीचं नव्हतं.

तात्यासाहेब माझ्या जवळ आले. पंखा अजून त्यांच्याच हातात होता.

"एवढंच होतं," ते म्हणाले, "तर आधी दाखवला असतास तर काय बिघडलं असतं?"

"काहीच बिघडलं नसतं," मी म्हटलं. "म्हणूनच नाही दाखवला. बिघडण्यासारखं असतं तर कदाचित भिऊन दाखवला असता."

"पुढल्या वर्षी बदल."

"नाही. तुमची वस्तऱ्यानं निघते. त्याची नाही निघायची."

 तात्यासाहेबांनी दोन्ही हातांनी पंखा उचलला, आणि दैत्यासकट, मिशीसकट, कपाळाला लावला. चांगला वेळ लावून ठेवला. नंतर शेजारच्याकडे दिला.

पुढच्या अक्षय्यतृतीयेला आमच्या घरी विडा आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. नंतर कधीच आला नाही. बाबा गेले तेव्हाही ओटीवरचा तबकाचा कोनाडा रिकामाच होता. दर वर्षी मी माझं कापड धुतलं, खळ लावली, रंगवलं, आणि बोलावण्याशिवाय उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. कुणी हटवलं नाही. आत तात्यासाहेब मी पंखा उघडायच्या आधी न सांगता डोळे मिटत. आम्ही पुन्हा त्या विषयावर एक शब्दही बोललो नाही. एकोणीस वर्षांनी ते गेले. मिशी त्यांनी शेवटपर्यंत ठेवली, आणि खाका मी.